अनोळखी, २.३ टक्के

कॉन्स्टन्टाइनमध्ये दरीवर पुलांमागून पूल आहेत,
आमच्या रसायनशास्त्राच्या इमारतीत मात्र एकच बोळ.
डावं दार हूरियाचं : शिह, रानओवा, डोंगरी पुदिना.
उजवं मुलूदचं : तांबं, जस्त, कोबाल्ट.
आणि टोकाला, जिन्याखाली, मी.
फुंकणी, बर्नर, एकतीस वर्षं.
दोघांचीही काच मीच फुंकतो,
दोघांचीही मीच सांधतो.
फुटते मात्र ती ज्याची त्याच्या हातून.

मे महिन्यात औरेसच्या उतारावरून याम्ना उतरते.
पोत्यात शिहचा करडा पाला,
बसमधले लोक खिडक्या उघडतात म्हणे.
तीन तास पाणी उकळतं. तीन तासांनी
मी ओढलेल्या नळीच्या गळ्याशी
करंगळीच्या नखाएवढं पिवळं तेल तरंगतं.
मग यंत्र त्या थेंबाचे
पुन्हा डोंगर काढतं कागदावर :
कापूर एकोणचाळीस, थुजोन सव्वीस, सिनिओल अकरा,
पुढे बारीक टेकड्यांची रांग,
आणि सगळ्यात खाली, हूरियाच्या तिरक्या अक्षरात,
अनोळखी, २.३.

याम्नाला वाचता येत नाही.
तिनं तो कागद उचलून नाकाशी धरला.
‘याला काही नाही,’ म्हणाली, आणि खाली ठेवला.
मग कुपीचं बूच काढलं.
‘हे वरच्या झऱ्याकाठचं.
खालच्या वाटेवरचं असतं
तर इथं, घशाशी, कडू उतरलं असतं.’
हूरियानं वही चाळली. झराच होता.
कुठल्या टेकडीवरून ओळखलं तिनं,
ते यंत्राला विचारून झालंय.

मुलूदचं वेगळं.
त्याच्या खोलीचं दार आपटायचं नाही.
‘स्फटिक म्हणजे घाई न केलेलं मीठ,’ तो म्हणतो
आणि चार चार महिने एका चंचुपात्राकडे
आजारी मुलाकडे बघावं तसा बघतो.
त्या वर्षी एक निळा कण धरला. तिळाएवढा, पण धारदार.
इथलं क्ष-किरण यंत्र सुट्या भागांवाचून पडलेलं,
म्हणून मी बारीक केशनळी ओढली,
कण आत घालून तोंड वितळवून बंद केलं.
कण समुद्र ओलांडून गेला.
मुलूदचा व्हिसाचा अर्ज शिक्का बसून परत आला.

तीन आठवड्यांनी चित्र आलं.
मध्ये तांबं, भोवती सहा शेजारी,
चार जवळचे, दोन जरा लांब.
‘तांब्याचं असंच असतं,’ मुलूद म्हणाला,
‘सगळ्यांना सारखं जवळ नाही घेता येत त्याला.’
एका टोकाचा कार्बन दोन जागी दिसत होता,
साठ टक्के इथं, चाळीस टक्के तिथं.
‘हा आमचा धाकटा,’ तो हसला. ‘मार्सेलला असतो.’
आणि पोकळीत, सूत्रात कुठंही नसलेला,
पाण्याचा एकटा रेणू,
तांब्याशी बंध नाही,
नुसता एका ऑक्सिजनचं बोट धरून बसलेला.

हा कुठून आला, यावर त्यांनी दीड पान लिहिलं.

मला विचारायला हवं होतं.
त्या आठवड्यात शुद्ध पाण्याची भट्टी
मीच उघडून बसलो होतो, गळकी.
मुलूदचा रिकामा डबा दारात,
आणि डाव्या खोलीत हूरियानं तेल काढून घेतल्यावर
तळाशी उरलेलं दोन लिटर निवळ पाणी,
शिहच्या वासानं नुसतं घमघमणारं.
मी डबा भरला.
मुलूदला कळलं नाही. पिरिडीननं त्याचं नाक
केव्हाच नेलंय.

आता सप्टेंबरात मी घरी बसणार.
निरोपाच्या भाषणात सांगावं म्हटलं होतं,
मग वाटलं, पाण्याला पत्ता कशाला?
आणि त्या पाण्यातून आणखी काही शिरलं असेल आत
तर ते काय, हे हूरियालाही ठाऊक नाही.
तिचा तो आकडा अजून तसाच आहे.

याम्ना काल येऊन गेली.
निळा कण दाखवला तिला, शिल्लकीतला.
तिनं तो तळहातावर घेतला, सवयीनं हुंगला,
माझ्याकडे बघितलं,
बराच वेळ बघितलं,
आणि काही न बोलता परत दिला.